नाळ पडायचे दिवस

बाळाची नाळ आठ-दहा दिवसांत आपोआप पडते, तिला काही लावू नका, कोरडी ठेवा. हे मी नोकरीची सगळी वर्षं बायकांना सांगत आले. मी उपकेंद्रावर नर्स होते. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्यातल्या काही जणी तिकडे गेल्या. मी भंडाऱ्यातच राहिले आणि नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात माझी बदली झाली. तिथल्या बायका नाळेवर गोवरीची राख दाबत, हळद-तेल लावत. मी घरोघर जाऊन रागवायची. माझा आवाज मोठा होता. मी अंगणात दिसले की राखेची वाटी बाजेखाली सरकायची, हे मला माहीत होतं, आणि त्याचा मला अभिमानही होता.

आमचं घर विणकराचं. वडील लवकर गेले. घरात आई, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान भाऊ आणि त्याचे दोन हातमाग. माझं लग्न दोन वर्षांत मोडलं आणि मी माहेरी परतले. पण मी नोकरी करणारी, शिकलेली, त्यामुळे घरात माझा शब्द चालायचा. आमच्यात मामाची मुलगी करून आणायची चाल जुनी. माझी आई वडिलांच्या मामाची मुलगी. भावाची बायकोही आमच्या मामाचीच मुलगी, म्हणजे आईची सख्खी भाची. ती आईला आत्याबाई म्हणे आणि मला बाई. अंगानं बारीक, बोलायला कमी. कांड्या भरायला बसली की तिच्या हाताखालचा धागा तुटत नसे.

लग्नानंतर दोन वर्षांनी तिला मुलगा झाला. बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळ चांगलं वजनदार होतं. मी सुटी काढून गेले, तिला सगळं समजावून सांगितलं आणि परत कामावर आले. बाराव्या दिवशी बारशाला गेले तेव्हा नाळ पडलेली नव्हती. मी म्हटलं, पडेल, एखाद्याची उशिरा पडते. त्यानंतर माझ्या कामाच्या गावात तापाची साथ आली आणि मला घरी जाता आलं नाही. गेले तेव्हा बाळ तेवीस दिवसांचं झालं होतं. अंगणात गल्लीतल्या चार बायका बाळ पाहायला येऊन बसल्या होत्या. मी बाळाचं दुपटं सोडलं. नाळ तशीच होती, काळी, वाळलेली आणि घट्ट. बेंबीभोवतीची कातडी लाल झाली होती.

मी तिला विचारलं, "काय लावलं तुनं याले?"

"काही नाही, बाई. तुम्ही सांगतलं तसंच ठेवलं."

माझा विश्वास बसला नाही. इतकी वर्षं मी बायकांकडून हेच उत्तर ऐकत आले होते आणि बहुतेक वेळा ते खोटं निघालं होतं. मी आत गेले आणि तिची पेटी उघडली. कोणाच्या पेटीला असा हात लावायचा नसतो, हे तेव्हाही मला कळत होतं. लुगड्याच्या घडीत कागदाची एक लहान पुडी सापडली, लाल दोऱ्यानं गुंडाळलेली. भावजय माझ्यामागे दारात येऊन उभी राहिली. तिच्या आईनं गावदेवीचा अंगारा पाठवला होता, दृष्ट लागू नये म्हणून. ती म्हणाली, "उघडलीच नाही ते. मायनं देल्ली म्हणून ठेवली."

पुडीवर दोऱ्याचे आठ-दहा वेढे घट्ट बसलेले होते. गाठीवर हळदीचं बोट लागून वाळलेलं होतं, आणि ती हळद कुठंही भंगलेली नव्हती. हे मी पाहिलं. घाईत नाही, बोटांत धरून, नीट पाहिलं. आणि तरी ती पुडी घेऊन मी अंगणात आले आणि बायकांना दाखवली. म्हटलं, मी गावोगावी ओरडत फिरते आणि माझ्याच घरात हे चाललंय. बायकांनी माना हलवल्या. एकीनं तिला विचारलं, काहून केलं असं. ती दारातच उभी होती, बाळ माझ्या मांडीवर होतं, आणि ते माझ्याकडे मागावं की नाही हे तिला कळत नव्हतं.

महिना झाला तेव्हा नाळ पडली, पण बेंबी भरून येईना. मग कानामागे जखम झाली, मग ढुंगणावर. जखमा वाढायच्या, कडा काळपट व्हायच्या, पण त्यात पू धरत नसे. बाळाला ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. आम्ही त्याला नागपूरला एका मोठ्या दवाखान्यात नेलं. भाऊ, त्याची बायको, आई आणि मी. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्तात पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या होत्या. डॉक्टर वयस्क आणि शांत होते. एवढ्या पेशी असून जखमेत पू नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. त्यांनी विचारलं, "तुमच्या दोन्ही घराण्यांत कोणाचं मूल लहानपणी असं गेलं आहे का? जखमा होऊन, नाळ उशिरा पडून?"

घरात शिकलेली मी, त्यामुळे उत्तर मीच द्यायचं, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आणि मला माहीत होतं. मी सात वर्षांची असताना आईला एक मुलगा झाला होता. त्याची नाळ पडत नव्हती, म्हणून आजी रोज सकाळी त्याला उघडं करून पाहायची आणि कपाळावर हात मारायची. त्याच्या मांडीवर आणि मानेवर जखमा होत्या. मी त्याच्या अंगावरच्या माशा वारत बसायची. तिसऱ्या महिन्यात तो गेला. आजीनं सांगितलं होतं की आई बाळंतपणाच्या दहा दिवसांत तळ्यावर गेली, बाहेरचं काही घेऊन आली, आणि तिनंच पोर खाल्लं. दोन वर्षांनी भाऊ झाला. तो चांगला वाढला आणि त्या मुलाचं नाव घरात पुन्हा कोणी काढलं नाही. माझ्या भावाला आपल्याआधी एक भाऊ होता, हेही ठाऊक नव्हतं.

डॉक्टर वाट पाहत होते. मी आईकडे पाहिलं. आई फरशीकडे पाहत होती.

मी म्हटलं, "नाही. आमच्याकडे असं कोणाचंच झालं नाही."

का म्हटलं, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. आईची लाज जाईल असं वाटलं, हे एक. पण ते खरं कारण नव्हतं. महिन्यापूर्वी मी गल्लीतल्या बायकांसमोर पुडी दाखवली होती. आता हा दोष आमच्याच घरातला निघाला, तर मी कोण ठरणार होते? एवढंच. डॉक्टरांनी मग भावजयीकडे वळून विचारलं. तिनं मान हलवली. तिच्या माहेरी खरंच तसं कोणाचं झालं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या गोष्टीकडे वळले.

मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला. रक्तात जंतुसंसर्ग पसरला, असं दवाखान्यानं लिहून दिलं. कारण म्हणून घरात पुडीच राहिली. आई सुनेला काही बोलली नाही, पण तिच्या बाजूनंही बोलली नाही. गल्लीत बायका आपली लहान पोरं तिच्या कडेवर देईनाशा झाल्या. महिनाभरानं मामा येऊन तिला घेऊन गेले आणि ती दीड वर्ष माहेरीच राहिली. दुसरी बायको करण्याचं बोलणंही निघालं. भाऊ म्हणाला, मले दुसरी करायची नाही, आणि स्वतः जाऊन तिला घेऊन आला. मी त्या बोलण्याला विरोध केला नव्हता.

पण त्याहून वाईट मी माझ्या गावात केलं. उपकेंद्रावर गरोदर बायकांची बैठक असे. तिथं मी त्या मुलाची गोष्ट सांगू लागले. माझ्या सख्ख्या भावाचं पोर, नाळेला अंगारा लावला आणि चार महिन्यांत गेलं. बायका घाबरून ऐकत. एकदा एका बाईनं घरी जाऊन राखेची वाटी उकिरड्यावर फेकली, आणि मला वाटलं की मी चांगलं काम करते आहे. दोन-तीन वर्षं मी ती गोष्ट सांगत होते. सांगता सांगता मलाही ती खरी वाटू लागली होती.

पुढं पाच वर्षांनी भावजयीला मुलगी झाली. या वेळी ती माझ्याशी काही बोलली नाही आणि मला बोलावलंही नाही. भावाकडून निरोप आला की दोघी चांगल्या आहेत. मला राग आला होता, म्हणून मीही गेले नाही.

एके दिवशी उपकेंद्रावर लसीकरण होतं. वीसेक बायका पोरं घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. गाडी करून भाऊ आणि ती आली. ती सरळ आत आली, मुलीला माझ्या टेबलावर निजवलं आणि दुपटं बाजूला केलं. नाळ तशीच होती. बेंबीभोवती तोच लाल पट्टा.

"सव्वीस दिवस झाले, बाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आमच्या इकडच्या नर्सबाईनं रोज घरी येऊन पाहिलं. दुपटंही तिनं नाही तर दुसऱ्या कोणी बदललं. मी बोट नाही लावलं." तिनं ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर त्या नर्सनं एकेक दिवस लिहिला होता, खाली सही. "आता सांगा, काय लावलं मी?"

बायका पाहत होत्या. त्यांतल्या कित्येक जणींनी माझ्या तोंडून ती गोष्ट ऐकली होती, पण ही तीच भावजय हे त्यांना कळलं नसावं. मी खुर्चीवर बसले. हातातली सिरिंज मला कुठं ठेवावी हे सुचेना. तिनं सव्वीस दिवस आपल्या पोरीला नीट हातात घेतलं नव्हतं. आपल्यावर पुन्हा कोणी बोट ठेवू नये म्हणून. दूध पाजायलाही ती दुसऱ्या कोणाला तरी समोर बसवून घ्यायची, हे भावानं नंतर सांगितलं.

मी म्हटलं, "नागपूरले जाऊ. आत्ताच."

त्या वेळी डॉक्टर बाई होत्या, तरुण, मुलांच्या अशाच आजारांचं शिकून आलेल्या. त्यांनी बाळाला तपासलं, पहिल्या मुलाचे जुने कागद वाचले आणि एक कोरा कागद पुढे ओढला. त्यावर पुरुषांसाठी चौकोन आणि बायकांसाठी गोल काढत त्या विचारू लागल्या. आईवडील एकमेकांचे कोण? आजी-आजोबा कोण? कोणाचं मूल दगावलं आहे का? भाऊ म्हणाला, पहिला मुलगा सोडला तर नाही.

मी म्हटलं, "आहे. मला एक भाऊ होता. याच्याआधी."

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे न पाहता सगळं सांगितलं. नाळ, जखमा, तिसरा महिना. डॉक्टरांनी एक चौकोन काढला, तो काळा केला आणि त्यावर तिरकी रेघ मारली. मग जुने कागद पुन्हा चाळून त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी हे कुणी विचारलं नव्हतं का?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मी नाही म्हणाले."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थोड्या वेळानं परत उचललं. भावजय माझ्या शेजारच्या खुर्चीवर मुलीला घेऊन बसली होती. तिनं मुलीचं दुपटं दोनदा सोडून पुन्हा बांधलं.

मुलीचं आणि दोघांचं रक्त मुंबईला पाठवलं. महिन्याभरानं रिपोर्ट आला. त्यात एका जनुकाचं नाव होतं, आयटीजीबी-टू. मी नर्स, तरी ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. डॉक्टरांनी समजावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, पण त्यासाठी त्यांना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून थांबावं लागतं आणि मग बाहेर जखमेपर्यंत जावं लागतं. धरायला त्यांच्या अंगावर प्रथिनाचे आकडे असतात. आकडा दोन तुकड्यांचा. त्यातला एक तुकडा कसा घडवायचा, ते या जनुकात लिहिलेलं असतं. तिथंच चूक असली की आकडा नीट बनत नाही. पेशी रक्तात भरमसाट फिरत राहतात, पण जखमेपर्यंत पोचत नाहीत. म्हणून पू नाही. नाळ सुकून तुटायलाही याच पेशी लागतात, म्हणून ती पडत नाही.

"दोन्हीकडून एकेक चुकीची प्रत आली तरच मूल आजारी पडतं," त्या म्हणाल्या. "एक आईकडून, एक वडिलांकडून. ज्यांच्याकडे एकच असते त्यांना काही होत नाही. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जवळची लग्नं झाली की अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. यात कुणाच्या हातून काही झालेलं नाही."

मुलीच्या बाबतीत थोडे आकडे बनत होते. औषधं कायम चालू ठेवली, जखमा आणि हिरड्या जपल्या, ताप आला की लगेच दवाखान्यात आणलं, तर ती वाढेल असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, मुलाचं काय झालं असतं? त्यांनी मला बरं वाटावं असं उत्तर दिलं नाही. "त्यालाही हेच असणार. वेळेवर कळलं असतं तर कदाचित निभावला असता. खात्रीनं सांगता येत नाही."

परतताना भाऊ तिकिटाच्या रांगेत होता. बसस्टँडच्या बाकावर आम्ही दोघी आणि मधे मुलगी. तिनं विचारलं, "आत्याबाईले माहीत होतं?"

"हो."

"आन् पुडीचा दोरा?"

"तुटला नव्हता. मी पाहिला होता."

तिनं मुलीच्या डोक्यावरची टोपी नीट केली. म्हणाली, "मी आजपर्यंत समजत होती, तुम्हाले दिसला नसन."

माफी मागण्याचे शब्द मी बस येईपर्यंत जुळवत होते. बस आली आणि आम्ही चढलो. माझ्या भावानं घरी पोचेपर्यंत मला एकच गोष्ट विचारली, आमच्या त्या गेलेल्या भावाचं नाव काय ठेवलं होतं. मी सांगितलं.

घरी आईला समजावायला मला वेळ लागला. तिनं कांड्यांची टोपली बाजूला सारली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग विचारलं, "म्हणजे मी तळ्यावर गेली म्हणून नाही?"

"नाही, माय."

"तुह्या बापाकडूनही अर्धं?"

"अर्धं."

आई म्हणाली, "मी त्याले मारलं नाही मंग." मी नाही म्हटलं. चाळीसेक वर्षं ती हे मनात धरून होती आणि मी एकाच घरात तिच्यासोबत जेवत होते. तिच्यावर जे आलं तेच मी तिच्या भाचीवर आणलं, आणि ती पाहत राहिली होती. तेव्हा मला तिचा रागही आला, पण तिच्यावर रागवायचा अधिकार मला कुठून येणार? ती उठून आतल्या खोलीत सुनेकडे गेली. दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही.

गल्लीतल्या त्या चार बायकांपैकी दोघी तोवर वारल्या होत्या. उरलेल्या दोघींच्या घरी मी गेले आणि पुडी उघडलेली नव्हती हे सांगितलं. एकीला काही आठवतच नव्हतं. दुसरी म्हणाली, जाऊ द्या, झालं ते झालं, आणि चहा ठेवला. मी तो प्यायले. माझ्या जंगलाकडच्या गावात मात्र मी सांगू शकले नाही. बैठक घेतली, तोंड उघडलं आणि लोहाच्या गोळ्यांवर बोलत राहिले. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

मुलगी आता नववीत आहे. तिच्या हिरड्या वारंवार सुजतात, दोन दात लहानपणीच गेले, पायावर एका जखमेचा मोठा व्रण आहे. सायकल चालवते. भावजय माझ्याशी नीट वागते. जेवायला वाढते, औषधाचा डोस विचारते. पण मुलीला काही खरचटलं तर पट्टी ती स्वतः करते. मी बाजूला उभी असले तरी.

गेल्या उन्हाळ्यात नात्यातल्या एका लग्नात आम्ही बायका मांडवात पंगतीला बसलो होतो. एकीच्या मुलासाठी मुलगी पाहणं चाललं होतं आणि आमच्या मामाच्या घरच्या एका मुलीचं नाव निघालं. दुसरी हळूच म्हणाली, त्या घरची नको, त्या घरच्या पोरींच्या कुशीत दोष आहे, यांच्या घरी पाहिलं नाही काय झालं ते. तिला मी कोण ते ठाऊक होतं. मी दुजोरा देईन म्हणूनच तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "दोष अर्धा आमचा आहे. माझ्या भावाचा आहे. मलेही असन, मी तपासून घेतलं नाही. आमच्या मायचं एक पोर तसंच गेलं होतं, अन् मी ते डॉक्टरपासून लपवलं. माझ्या भावजयीनं काही केलं नव्हतं."

उपकेंद्रावर घुमणारा माझा आवाज तिथं जेमतेम निघाला. दोघी-तिघींनी ऐकलं. त्या एकमेकींकडे पाहू लागल्या, मग एक म्हणाली, मामाच्या घरची करूच नये आजकाल, बाहेरचीच बरी. बोलणं बाहेरच्या स्थळांवर गेलं. भावजय चार हातांवर पंगतीत वरण वाढत होती. तिनं ऐकलं असावं, कारण तिचा हात क्षणभर थांबला होता. मग ती पुढच्या पानाकडे सरकली. मी पान पुढं घेतलं आणि जेवू लागले.